किरकोळ खर्च

अंतिम सामन्याची फाईल माझ्या टेबलावर आहे.
रेफ्री : आठशे.
लाइन्समन दोघे : चारशे-चारशे.
चुन्याच्या रेषा मारणारा बाबल : साडेतीनशे आणि जेवण.
प्रमुख पाहुण्यांची शाल, नारळ, गुच्छ.
माईकवाला, मंडपवाला,
मडगावहून आलेला फोटोग्राफर –
त्याच्याच एका फोटोत
तुळशिदास वेळीप गोलसमोर आडवा, हवेत,
जणू त्याला खाली यायचंच नाही.

जूनमध्ये तो फोटो केप्याच्या वळणावर लागला,
वीस बाय दहाचा फ्लेक्स, वर 'प्रवेश सुरू'.
फ्लेक्सवाल्याचं बिल मीच पास केलं.
खांब रोवणाऱ्यांचंही.
हवेत असलेल्याचं बिल आलं नाही.

एकदा सरांना विचारलं, दबकतच.
म्हणाले, "शिरोडकर, तो विद्यार्थी आहे.
खेळ म्हणजे संस्कार. संस्काराला दर लावायचा?"
मी मान हलवली.
दुसऱ्या दिवशी माझा पगार होता.

रविवारी तुळशी असोळण्याला खेळतो,
कापणी झालेल्या शेतात,
पाठीवर भलत्याचंच नाव.
अर्ध्या वेळात पाकीट येतं –
हजार, जिंकलो तर दीड,
वर बांगड्याचं हुमण.
सोमवारी लंगडत वर्गात.
हजेरी एकाहत्तर टक्के.

बरं, द्या त्याला. आणि सेल्माला?
ती भाला फेकते.
तेव्हा मैदानावर असतो एक रखवालदार
आणि भाला परत आणून देणारा तिचा धाकटा भाऊ.
तिकीट नाही, फ्लेक्स नाही,
खांदा मात्र तेवढाच दुखतो.
प्रेक्षक मोजून घाम तोलायचा
तर तसला तराजू माझ्याकडे नाही.
एक कॅल्क्युलेटर आहे,
त्यातला सात दबत नाही.

गेल्या महिन्यात तुळशीचा गुडघा सुजला.
'किरकोळ'मध्ये मी लिहिलं :
बर्फ – सहाशे.
बर्फ कुणी आणलाच नव्हता.
पैसे त्याच्या हातावर ठेवले, म्हटलं, पाकीट समज.
नोकरीला चोवीस वर्षं झाली,
खोटं पहिल्यांदाच लिहिलं.
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

शुक्रवारी तो खिडकीशी उभा.
बाजारातल्या बर्फवाल्याची ओली पावती,
मासळीचा वास मारणारी : तीनशे साठ.
"सेल्माच्या खांद्याकय लायलो," म्हणाला,
आणि दोनशे चाळीस परत.

पावती मी फाईलला टाचली.
दोनशे चाळीस अजून खणात आहेत,
रबर लावून.
जमेच्या पानावर
त्यांना कुणाच्या नावाखाली घेऊ?