अभिप्रायाचा रकाना

मुख्यालयातून नमुन्याला दोन पिस्तुलं आली.
माशीवर एक हिरवा ठिपका,
मागच्या खाचेच्या दोन्ही अंगांना दोन.
सोबत तक्ता: रात्री उपयोग होतो का,
हो किंवा नाही,
आणि खाली अभिप्रायाचा रकाना, बोटभर.

एकतीस वर्षं हिंगोलीच्या शस्त्रागारात आहे मी,
तेल, फडकं, ब्रश.
माशी म्हणजे काळी, लोखंडाची,
उजेड गेला की तीही जायची.
ही दिवा मालवल्यावर जागी झाली.
दार लावून अंधारात बसलो
आणि खरं सांगतो, पोरासारखा हसलो.
माशीचा काजवा झाला होता.

नाक्यावरचा अझर उसाच्या ट्रॉल्यांना रेडियम चिकटवतो,
ते वेगळं.
ते मागच्या गाडीचा उजेड घेतं आणि तिलाच परत करतं,
उधारीचं काम.
हे कुणाकडं मागत नाही. कागदावर ट्रिटियम लिहिलंय.
आतल्या आत झिजतं, बारा वर्षांत निम्मं.
माझे डोळे साधारण त्याच हिशेबानं गेलेत,
भर दुपारी काळ्या लोखंडावर काळी माशी सापडत नाही.
हे तीन ठिपके मात्र चष्म्याशिवाय दिसले.
म्हणून 'हो'वर पेन टेकवलं.

तेवढ्यात गिराम बाई आल्या, फौजदार.
महिनाभर दुसरं पिस्तूल त्यांच्याकडं होतं.
चहा नको म्हणाल्या.

"औंढ्याच्या रोडला डीपी फोडायलेत, काका.
तेल काढतेत, तांबं नेतेत.
आम्ही तुरीत दबा धरून. अमावशा.
दीडला एक माणूस खांबावर.
मी काढलं. काय सांगू,
तिन्ही ठिपके एका ओळीत,
प्रार्थनेला पोरं उभी राहतेत तसे.
इतका सरळ नेम मी उन्हातबी धरला नव्हता.
आन् ठिपक्यांच्या पुढं
नुसता काळोख, माणसाच्या मापाचा."

बाई थांबल्या.
टेबलावरचं रिकामं मॅगझिन आडवं केलं,
परत उभं केलं.

"डाव्या हातानं बॅटरी लावली.
बेंगाळ वायरमन! दातात टेस्टर.
कुणाच्या तरी मोटारीचा एक फेज गेला म्हणून
साहेबाला न सांगता आलता.
टेस्टर काढला तोंडातून, म्हणला,
बाई, उजेड जरा डावीकडं धरा,
फ्यूज दिसंना."

"मग?"

"मग काय. धरला. वीस मिनिटं.
उजवा हात कुठं ठेवावा
ते मला कळंना झालतं."

त्या गेल्यावर पिस्तूल पुसलं.
पुसण्यासारखं काही नव्हतं,
नळीत तुरीचं एक वाळकं फूल तेवढं.

'हो' खोडलं नाही. ते खोटं नव्हतं.
रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं:
अंधारात आपलं हत्यार कुठं आहे, ते चांगलं कळतं.
समोर कोण आहे, ते कळत नाही.
सबब, प्रत्येक पिस्तुलामागे एक बॅटरी द्यावी,
सेलसह.

'सेलसह'खाली दोन रेघा ओढल्या.
मागच्या खेपेला बॅटऱ्या आल्या होत्या,
सेलची फाईल अजून परभणीतच आहे.