लेखा-दोन

दुपारचे अडीच. मानेवाड्यात शेहेचाळीस अंश.
कूलरच्या ताट्या सुकल्यात, टाकीत बोटभर पाणी.
मी यादी उघडते, आणि यादी थिजते.
एवढ्या उन्हात या घरात
थिजू शकणारी ही एकच गोष्ट.

आधी पडदा पांढुरका होतो, दुधावर साय धरावी तसा,
मग वरच्या पट्टीत ते दोन शब्द: नॉट रिस्पॉन्डिंग.
बाणाचं निळं कडं होतं, गरगरत राहतं.
त्याच्याकडे बघत बघत या आठवड्यात
मी दीड किलो गवार निवडली आहे.

सगळं करून झालं.
बंद करून चालू केलं. बॅटरी काढून, पुसून, परत बसवली.
जाळीतली धूळ फुंकली, ती डोळ्यात गेली.
खाली दोन काड्यापेट्या ठेवून उंच केलं, वारा लागावा म्हणून.
ओल्या फडक्यावर ठेवणार होते,
आई आतून ओरडली.

शेवटी रहांगडालेला फोन लावला.
आमच्या कंपनीत हाच कॉम्प्युटर बघायचा;
आता दिघोरीला कूलर दुरुस्त करतो.
म्हणतो, दोन्हीत पंखाच असते ना, ताई.
मागे पत्र्यावर ठोकाठोकी चाललेली.
"काऊन अडकून राह्यलं सांगू का?
डिफॉल्ट प्रिंटर कोनता हाय, पाहा बरं."

पाहिलं.
लेखा-दोन.

हिंगण्याला, दुसऱ्या मजल्यावर, माठाशेजारी असायचा तो.
माठातलं पाणी झिरपून त्याच्या पायाखाली
कायम एक पोतं अंथरलेलं.
कागद अडकला की नंदेश्वर चष्मा कपाळावर सारून यायचे,
उजव्या कुशीवर एक चापट,
की निमूट सोडायचा.
मार्चात गेटला कुलूप लागलं.
दोन महिन्यांच्या पगाराऐवजी मला हा लॅपटॉप,
वर सही घेतली: चालू स्थितीत मिळाला.

"फाईल उघडली का ते पह्यले प्रिंटरले विचारते,
पान केवढं धरू म्हनून.
तो बोलला का मंग पुढं सरकते.
आता तिकडं कोनी असन तं बोलन ना!"

म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं.
मी इथे चिडून टिचक्या मारत होते
आणि हा बिचारा रोज
पंधरा किलोमीटरवरच्या कुलूपबंद खोलीचं दार वाजवत होता,
कागदाचं माप विचारायला.

"काढून टाका त्याले."
मी बटण दाबते. पडद्यावर चौकट येते:
हे उपकरण काढून टाकायचं, नक्की?
आम्हाला एकोणतीस जणांना
एवढ्या अदबीनं कुणी विचारलं नव्हतं.

हो.

यादी उघडली. सटकन. लाज वाटावी इतकी सटकन.
नंदेश्वर, उईके, ठवकर बाई, गाडीवाले पठाणभाई,
नाव, हुद्दा, थकबाकी, बेरीज.
मग एक रकाना: कंपनीला पत्र पाठवलं.
सगळ्यांसमोर तीन तारखा.
त्यापुढचा रकाना: उत्तर.
तो वरपासून खालपर्यंत पांढरा.

"सोमवारी सिव्हिल लाइन्सला द्यायची आहे, छापून," मी म्हणते,
"आता छापू कशावर?"
तो खो खो हसतो. "चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं जा ना, बाप्पा.
दोन रुपये पान."

मग ठोकाठोकी थांबते.
"ताई, माह्या नावात शेवटी 'ले' हाय ना?
पगारपत्रकात 'ळे' पडलं होतं,
बँकेनं चार महिने अडकवून ठेवलं."

नवव्या ओळीवर जाते.
रहांगडाळे. एकेचाळीस हजार सहाशे.
"आहे," मी म्हणते, "बरोबर आहे,"
आणि फोन कानाला तसाच धरून
एक अक्षर खोडते, एक लिहिते,
जतन करते.

निळं कडं क्षणभर येतं.
मी श्वास धरते.
जातं.