बाजू बदला

वाचनालयाला टाळं लागलं आणि एकोणीस सीड्या
बुटांच्या खोक्यातून, टॅक्सीच्या डिकीतून
परळहून माझ्या शिवडीच्या खोलीत आल्या.
मुळात त्या कॅसेटी. कुणीतरी कधीतरी
एका कॅसेटची एक सीडी केली
आणि खोक्यावर स्केचपेनने लिहिलं:
जाड कादंबरी. पूर्ण. बहुतेक.

वाचणाऱ्या हंसाबाई त्रिलोकेकर.
एकोणीस तास आवाज, अडतीस फायली,
सगळ्यांचं नाव एकच, ट्रॅक, आणि पुढे आकडा.

आधी हातानेच बसलो. फाईल उघडा,
शेपूट कापा, खरखर उतरवा, आवाज वर घ्या,
पुढचीला चिकटवा, प्रकरणाचं नाव घाला.
रविवार गेला. तीन झाल्या.
दुसऱ्या रविवारी शहाणा झालो:
बारा ओळींची आज्ञावली लिहिली,
तिला फोल्डर दाखवलं
आणि खाली नाक्यावर ऑम्लेट-पाव खायला गेलो.
वर येतो तो पुस्तक तयार. अखंड.
फक्त ‘प्रकार’ या रकान्यापाशी मशीन अडलेलं:
पॉप, जॅझ, भक्ती, इतर?
इतर.

पेनड्राइव्ह नेरूरकरांना नेऊन दिला.
बॅलार्ड पिअरला तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर,
चारशे एक्स्टेन्शन बोटांना पाठ,
डोळ्यांनी कधी काही पाहिलेलं नाही.
आठवड्याने फोन आला.
“पुस्तक छान. पण बाईचं तेरावं आधी जेवलो हो,
मग तिच्या लग्नाला गेलो.”

मशीनने रांग लावली होती
एक, दहा, अकरा, बारा, पार एकोणिसापर्यंत,
आणि मग कुठे दोन.
एका शून्याचं काम. एकाच्या आधी शून्य,
दोनाच्या आधी शून्य. लाजत सांगितलं.
“राहू द्या हवं तर,” ते म्हणाले,
“मला आमची ही अशीच आठवते.”

मग जरा थांबून:
“आणि ते ‘बाजू बदला’ कुठे गेलं?”

त्याचा तर मला अभिमान होता.
दर अर्ध्या तासाने हंसाबाई म्हणायच्या,
ही बाजू इथे संपली, कृपया बाजू बदला.
आज्ञावलीची नववी ओळ ते बरोबर हुडकायची,
आगेमागे शांतता असेल तीही कापायची.
चाळीस डेसिबलच्या खाली ती शांतता,
असं मीच मशीनला सांगून ठेवलेलं.

“तिथे मी उठायचो,” नेरूरकर म्हणाले,
“आधण ठेवायचो. आता बाई थांबतच नाहीत.
काल रात्री दोनपर्यंत वाचत होत्या.
दम लागेल हो त्यांना.”

माझे वडील लालबागला शिंपी. चिंधी टाकायचे नाहीत.
म्हणून असेल, कापलेलं सगळं
एका फोल्डरात पडलं होतं: कात्रण.
सलग लावलं. जेमतेम सहा मिनिटं.

सातव्यात बाहेर कुणी स्कूटरला किक मारतंय, लागत नाहीये.
अकराव्यात घसा बसलेला.
एकोणिसाव्यापासून ‘संपली’तल्या स ला शीळ:
मधे कवळी बसवली असणार.
सव्विसाव्यात, ही बाजू इथे… अगं, दूध बघ.
आणि शेवटच्यात बदला नाहीच.
संपलं, एवढंच. मग पानं मिटल्याचा आवाज,
खुर्ची, आणि चाळीस सेकंद
त्या टेपरेकॉर्डरचं बटण चाचपडतायत.

मी विचार केला होता की हंसाबाई बघून वाचतात.
बटण न सापडणारी बोटं ऐकली
आणि पान मिटल्याचा आवाज पुन्हा लावला.
जाड कागद. उठावाच्या ठिपक्यांचा.

नववी ओळ काढून टाकली.
आज्ञावली आता अकरा ओळींची,
काम आधीपेक्षा कमी करते.
नवी फाईल नेरूरकरांकडे गेली, एक माझ्याकडे राहिली.

रात्री भांडी घासताना लावतो.
अर्ध्या तासाने बाई सांगतात, बाजू बदला.
बदलायला काही नसतं.
हात पुसतो, आधण ठेवतो.