बिनझाळेचा सांधा

मे महिन्यात गिरणेच्या कोरड्या पात्रातून उठलेली धूळ
आमच्या लॅबच्या तिन्ही दारांवर हक्क सांगते.
तिच्यातल्या एका कणाच्या भीतीने मी
टोपी, मास्क, दोन-दोन मोजे चढवून बसलेय.
बाहेर जळगाव पंचेचाळीस अंशांवर.

दोन चकत्या, सिलिकॉनच्या, तळहाताएवढ्या,
इतक्या गुळगुळीत, की आरसा म्हटलं तर अपमान.
एकीत आठवण, दुसरीत हिशेब.
आजवर शेजारी राहायच्या,
आता एकीच्या डोक्यावर दुसरीचा मजला;
जागेचे भाव वाढले की गावातही हेच करतात.

मधे गोंद नाही. झाळ नाही.

लोटन विसपुते, माझे वडील,
एकोणचाळीस वर्षं फुंकणी फुंकलेले,
हे ऐकून हसले नाहीत.
"यामा झाळ कोठे शे?"
नाहीच, म्हटलं.
बराच वेळ अंगठ्याने पाटाची कड घासत राहिले,
मग म्हणाले, कुंदन.
चोख सोन्याची पट्टी चोख सोन्यावर दाबली
की विस्तवाशिवाय धरते.
पण चोख पाहिजे. अन् बोटाचं तेल नको.

पुस्तकातली चार पानं
त्यांनी एका पाटावर बसून सांगितली.

प्लाझ्माची जांभळी फुंकर, वीस सेकंद.
मग पाणी. पुसून कोरडं ठणठणीत करायचं नाही,
तो न दिसणारा ओलावाच आधी हात धरतो.
रुबाब तडवी मायक्रोस्कोपला डोळा लावून
खालच्या फुलीवर वरची फुली आणतो.
यावलला केळीची ओळ आखताना
त्याचा बाप दोरी अशीच धरायचा म्हणे:
डावीकडे. अजून. पुरे. पुरे म्हटलं ना!

तांबं मुद्दाम खोल ठेवलंय,
भोवतीच्या काचेपेक्षा पाच नॅनोमीटर खाली.
आधी काचेला काच भेटू दे.
भट्टीत तांबं फुगेल
आणि आपल्या पायांनी वर येईल.
आधीच डोकं काढणारं तांबं सगळं लग्न मोडतं,
हे मला सव्वीस जोड्या वाया घालवून कळलं.

मधोमध एक टोचणी. हलकीशी.
इन्फ्रारेडच्या पडद्यावर
एक लाट केंद्रातून निघाली,
हवेला कडेकडे हाकलत गेली.
चार सेकंद आम्ही दोघं काही बोललो नाही.
काठाशी एक गोल उरलाच, हरभऱ्याएवढा:
आत एक कण, गिरणेचाच असणार.
एवढ्या पहाऱ्यातून आला,
त्याचं मला थोडं कौतुकही वाटलं.

सांध्याची ताकद मोजायची रीत रानटी आहे:
भट्टीतून काढलेल्या जोडीच्या फटीत
दाढीचं पातं सारायचं
आणि चीर किती धावते ते पाहायचं.
आज पातं अडलं.
रुबाबने जोर दिला.
चकती फुटली. सांधा नाही.

एक तुकडा रुमालात बांधून घरी नेला.
वडिलांनी भिंग डोळ्यात बसवलं,
कडेवरून नख फिरवलं, उलट फिरवलं,
अडखळेल अशी जागा शोधली.
मग सवयीने काट्यात टाकला.
सातशे वीस मिली.
भिंग न काढताच विचारलं,
"मजुरी काय लावशी?"