हरळी

गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झालो
आणि घरासमोरच्या अर्ध्या गुंठ्यात
लॉन लावायचं मनात घेतलं.
कोतवाल म्हणाला, लॉन? म्हणजे लग्नं लावणार का इथं?
हिंगणघाटचा नर्सरीवाला म्हणाला,
गवताचे गालिचे येतील, गुंडाळलेले, चौरस फुटावर भाव.
मी हिशेब केला, त्याचा चहा प्यालो, एस.टी.नं परत आलो.

पंचफुलाबाई नेवारे तेव्हा
पडोळ्यांच्या कपाशीत निंदायला जायच्या.
म्हटलं, बाई, हरळी निघते ना तिथं, पोतंभर मला आणा.
त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या
की मागच्या दोघीतिघी तासातच थांबल्या.
"उपटू उपटू नखं गेली माही,
अन् तुमी लावता, डाक्टर?"
मी व्रणोपचारक होतो.
गावाला एवढा लांब शब्द परवडत नाही.

संध्याकाळी पोतं आलं, ओलं, मातीसकट.
उपटायची मजुरी पडोळ्यांकडून,
आणायची माझ्याकडून.
एकाच गवताचे दोनदा पैसे,
हे त्यांनी त्या आठवड्यात
रस्त्यानं जाणाऱ्या एकूण एक माणसाला सांगितलं.

मी एक पुस्तिका वाचली होती.
त्यांचं तिच्याशी पस्तीस वर्षांचं वैर.

"कांडी तुटली का पेरापेरातून उठते,
म्हणून आमी तोडत नाई. तुमी तोडा.
पाणी साचलं का सडते,
म्हणून काळ्या मातीवर मुरूम टाका, रेती टाका,
रस्त्याकडं उतार द्या.
सावलीत दम धरत नाई,
त्या कडुलिंबाखाली पैसे नोका घालू.
अन् रोज रोज पाणी देसान तं मुळी वरच लोळते, आळशी होते.
चार दिवसांआड, पहाटे, पण पोटभर."

जे जे मारण्यासाठी शिकल्या होत्या
ते सगळं उलटं करून
मला देत होत्या.

भादव्यात मी ढकलायचं मशीन आणलं
आणि हौसेनं जमिनीसरसं भादरलं.
त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. बोलल्या नाहीत.
मग दोन बोटं आडवी धरून दाखवली, एवढं ठेवा.
कापलेलं तिथंच राहू द्या, त्याचंच त्याला खत.

दिवाळीला हिरवंगार.
कोतवालानं पुन्हा विचारलं, हे खाते कोण?
मी छत्तीस वर्षं गुरांची पोटं चाचपली,
फुगलेली, रिकामी, प्लॅस्टिक भरलेली.
आता फाटकाला काटेरी तार लावून
गवत राखत होतो, गुरांपासून.
कोतवालाला म्हटलं, कोणी नाही.
तो बराच वेळ तारेला हात लावून उभा होता.

मे महिन्यात पिवळं पडलं, मग भुरकं.
नळ तिसऱ्या दिवशी, तोही अर्धा तास,
आणि माझ्या हातात पाइप.
समोरच्या बाया गुंड घेऊन रांगेत.
पंचफुलाबाईंनी पाइप काढून घेतला, गुंडात सोडला.
"झोपलं हाये ते. मेलं नाई.
कायले उठवता?"

मिरगानंतर पंधरा दिवसांनी, खरंच, आपोआप उठलं.

एक दिवस निंदून परतताना त्या आत आल्या.
चप्पल फाटकापाशी काढली, देवळात काढावी तशी.
मधोमध बसल्या, पाय लांब केले.
"देवापुढं दुरवा, पडोळ्याच्या वावरात तण,
अन् तुमच्याकडं लान.
बिचाऱ्याले तरी मालूम हाये का आपण कोण?"
मी हसलो. त्या हसल्या नाहीत,
त्यांची बोटं गवतात शिरली होती,
लव्हाळा सापडला, गाठीसकट बाहेर आला,
मग दुसरा, मग तिसरा, मग
हरळीचीच एक कांडी, मुळासकट.
त्यांनी हाताकडे पाहिलं. कांडी परत मातीत खुपसली,
अंगठ्यानं दाबली.

मग उठून
कडुलिंबाखालच्या बोडक्या जागेत जाऊन बसल्या,
कनवटीची तंबाखू काढली.
"इथंच बरं हाये, डाक्टर.
गवतावर बसलं का हात थांबत नाई माहे."