बिनकडीचं घर

आमच्या घराला कडी नाही.
पुढच्या दाराला नाही, मागच्या नाही,
न्हाणीलासुद्धा नाही.
अंघोळ करताना काहीतरी गुणगुणायचं,
म्हणजे आत माणूस आहे हे कळतं.

नव्या गावात घर मिळालं तेव्हा कड्या होत्या म्हणे,
लोखंडी, हिरवा रंग दिलेल्या.
मायनं पकडीनं एकेक उपसली
आणि भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकली.
बदल्यात त्यानं चाळणी पुढे केली,
ती घेतली नाही.
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून
जुन्या लुगड्याची चिंधी बांधली.
सुरगाठ. एका हिसक्यात सुटणारी.

मी भूकंपानंतर दोन वर्षांनी झाले.
मायचं ऑपरेशन झालेलं होतं, दोन लेकरांवर.
ती दोन्ही गेली, मग सोलापूरच्या डॉक्टरांनी
ऑपरेशन उलटं करून दिलं.
तिच्यासारख्या अजून सात जणी होत्या जीपमध्ये,
वाटेत कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा काढल्या
आणि सगळ्यांनी खाल्ल्या, एवढंच ती सांगते.
उसवलेल्या टाक्यातून मी आले.
नाव तयारच होतं. सत्यशीला.

शाळेतले गुरुजी जुन्या गावातलेच.
पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव पुकारलं,
मी हजर म्हणाले,
आणि त्या दिवशी
पुढचं कुणाचंच नाव त्यांनी घेतलं नाही.

रात्री माय हाक मारायची,
"शीले, बंकटला उठव गं, लवकर."
बंकट म्हणजे माझा भाऊ. मी त्याला पाहिलेला नाही.
मी उठायचे. अंगणात जायचे.
थोडा वेळ थांबून परत यायचे
आणि सांगायचे, "उठवलं."
मग ती झोपायची.
नऊ वर्षांची होते, तेव्हापासून मला हे जमतं.

एकदा शहरातून एक ताई आल्या, फॉर्म घेऊन.
झोप लागते का. दचकायला होतं का. भीती वाटते का.
माय म्हणाली, "भ्या न्हाई वाटत, बाई.
नुसतं ऐकू येतंय."
काय ऐकू येतं, याला फॉर्मवर जागा नव्हती.
ताईंनी समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.
चहा घेतला. चिंधीची गाठ सोडून गेल्या.

यंदा मला मुलगी झाली, लातूरला.
माय आली बाळंतपण करायला, तिसऱ्या मजल्यावर.
जिना चढताना भिंतीला हात लावून लावून,
जशी म्हैस विकत घेताना बघतात.

अकराव्या दिवशी लेकराला तेल लावता लावता
मान वर न करता ती बोलली,
माझ्याशी नाही, त्या इवल्या पायांशी.
"इसर्जन बघून आली दोघं, गुलालात माखून.
तशीच निजली.
म्हैस लई वरडत व्हती, म्हणून मी बाहीर गेले.
कुत्रं शिरंल आत, म्हणून
बाहीरून कडी लावली."

तेल वाटीत संपलेलं होतं.
तरी ती बोटं बुडवत राहिली.

मी म्हणाले, माळवद होतं माय, हातभर माती वर,
कडी नसती तरी…
ती म्हणाली, "व्हय."
एकोणतीस वर्षं लोक तिला हेच सांगत असणार,
न सांगताच.

मग लेकराला गुंडाळत म्हणाली,
"नाव नवं ठेव हिचं.
कुणी वापरल्यालं नको."

ह्यांना मी सांगितलं, कडी काढू या.
ते म्हणाले, अगं, इथे चोऱ्या होतात.
खरं आहे, होतात.
रात्री त्यांनी कडी लावली. मी उठून काढली.
ते उठले, पाणी प्यायले, कडीकडे पाहिलं,
आणि चपलांचा स्टँड ओढून दाराला लावला.

चारला चार मिनिटं कमी असताना
मी जागी असते. का, ते विचारू नका,
मी तर तेव्हा नव्हतेसुद्धा.
शेजारी माय डोळे मिटून पडलेली,
श्वास झोपलेल्या माणसाचा नाही.
मीही डोळे मिटते.
आमच्या दोघींच्या मध्ये लेकरू
हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून,
खुशाल घोरतंय.