आटे

दापोडीच्या हॉलमध्ये रविवारी जमलो आम्ही,
टूलरूमची दुसरी शिफ्ट.
कंपनीला कुलूप लागून एकोणीस वर्षं झाली
तरी चहाची तल्लफ अजून साडेपाचलाच येते.

फोटो काढले भोंगळेनं.
टोरांटोच्या मुलानं दिलेला आयफोन
त्यानं दोन्ही हातांत असा धरला होता
जसा कॅलिब्रेशनहून आलेला मायक्रोमीटर.
एकशे बारा फोटो.
पाठवत बसत नाही, म्हणाला, वर ठेवलेत क्लाउडवर,
लिंक टाकतो, हवे ते घ्या.

वर म्हणजे कुठे, युसूफ बागवाननं विचारलं.
मी म्हटलं, परक्याच्या गोडाऊनमध्ये माल,
पावती आपल्या खिशात.

लिंक आली.
युसूफच्या फोननं खातं मागितलं.
युसूफनं बँकेचं पासबुक काढलं.
सायमन अवघडेकडे फोटो उतरले पण उघडेनात,
राखाडी चौकोन, एकशे बारा,
पार्किंगमधल्या फरशीसारखे.
व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले तर आमची तोंडं
कूलंटच्या दुधाळ पाण्यातून पाहिल्यासारखी.
यादव ओव्हाळकडे बटणांचा फोन.
त्यानं काहीच केलं नाही.

हे मला नवं नाही.
इंची बोल्ट, मिलिमीटरचा नट:
पहिले दोन आटे गोड जातात,
वाटतं, बसला.
मग अडतो.
जोर लावाल तर दोघांचेही आटे जातात.
शेंदारकर फोरमन म्हणायचे,
चूक बोल्टाची नाही, नटाचीही नाही,
दोघं दोन वेगळ्या गावांत कापले गेलेत.
मधे अडॅप्टर लागतो,
एका तोंडाला हे आटे, दुसऱ्या तोंडाला ते.

बुधवारी पीएमटीनं विश्रांतवाडीला गेलो.
भोंगळेच्या डायनिंग टेबलावर
त्याचा फोन, माझा फोन,
भिंतीला भिंत लागून असलेले
आणि बोलणं टाकलेले शेजारी.
ब्लूटूथला ब्लूटूथ दिसेना.
केबल काढली, ती त्याच्याच बाजूची निघाली.
त्यानं मुलाला रिंग दिली,
मग आठवलं, तिकडे पहाटेचे चार,
घाईघाईनं कापली.
लिंकच्या खाली बारीक अक्षरांत: तीस दिवस.
त्यातले अकरा संपले होते.

शेवटी मी माझ्या फोननं
त्याच्या फोनचा फोटो काढला.
आम्ही याला जुगाड म्हणायचो,
रिपोर्टात लिहायचो, तात्पुरती व्यवस्था.
तो वाकून एकेक सरकवायचा, मी टिपायचो.
बत्तीस झाले आणि त्याची बायको पोहे घेऊन आली.
त्यानंतर ते राहिलंच.

घरी येऊन पाहिलं.
प्रत्येकाच्या कपाळावर ट्यूबलाइटचा आडवा पट्टा.
युसूफच्या दाढीत भोंगळेच्या अंगठ्याचा तेलकट ठसा.
आणि काचेत, आमच्या सगळ्यांच्या वर,
पुसट, उलटा, चष्म्यासकट
भोंगळे.

एकशे बारांपैकी एकातही तो नव्हता.
कसा असेल, काढत तोच होता.
या बत्तिसांत आहे,
कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या पोटात,
एकात तर माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर
बरोब्बर बसलेला.
मी झूम करून पाहिलं.
मापात होता.

सायमनला पाठवले. उघडले.
युसूफनं नुसता अंगठा टाकला.
भोंगळेला पाठवले नाहीत अजून,
तो म्हणेल, ओरिजिनल आहेत ना माझ्याकडे.

ओव्हाळला फोन केला.
म्हटलं, ऐक. पहिला फोटो.
तू डावीकडून तिसरा, वरचं बटण तुटलेलं,
डोळे मिटलेले.
पुढचा?
पुढच्यातही मिटलेले.
थांब, म्हणाला, रेडिओ बंद करतो.
हां.
आता पहिल्यापासून सांग,
सावकाश.